चौथी सीट

रिक्षाच्या परमिटवर प्रवासी तीन लिहिलेले असतात. बदलापूर पूर्वेला संध्याकाळची कर्जत लोकल रिकामी झाली की स्टँडवरचा रिक्षावाला मागे तीन भरेपर्यंत काही बोलत नाही. तीन भरले की मान बाहेर काढून म्हणतो, "पुढे एक सीट, कात्रप!" पुढे खरे तर सीट नसतेच, चालकाच्या बसण्याची कड तेवढी असते. तिथे बसणारा बहुधा तरुण असतो. तो एक मांडी आत आणि एक बाहेर ठेवतो, हात मागच्या दांडीला धरतो आणि लॅपटॉपची बॅग पोटाशी घेतो. मुंबईहून अडुसष्ट किलोमीटर उभ्याने आलेल्या माणसाला ही जागा फार वाईट वाटत नाही. भाडे मागच्यांइतकेच, आणि पुढच्या रिक्षाची वाट पाहण्यात जाणारी दहा मिनिटे वाचतात.

अंबरनाथला लोकनगरीकडे किंवा आनंदनगर एमआयडीसीकडे जाणाऱ्या लाईनमध्येही हेच चालते. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांत कामगारांची ये-जा तर शेअर रिक्षावरच आहे. मोबाइलवर गाडी मागवायची सोय इथे अलीकडे आली. अनोळखी माणसांनी एका गाडीत बसून भाडे वाटून घेण्याची रीत तिच्या कितीतरी आधीची. जगभर ज्याला राइडशेअर म्हणून मिरवतात तो प्रकार विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात तीन चाकांवर रोज चालतो, आणि त्याला ना पावती, ना प्रवाशाच्या नावाची नोंद, ना ट्रिपचा क्रमांक.

अपघात झाला की मात्र सगळे नोंदीवर येऊन थांबते.

रिक्षाचा विमा डोकी मोजून उतरवतात. प्रवासी वाहनाच्या थर्ड पार्टी हप्त्याचे दोन भाग असतात. एक वाहनाचा मूळ हप्ता, आणि दुसरा परमिटवरच्या प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली रक्कम. तीन प्रवाशांचे परमिट असेल तर तिघांचा हप्ता भरला जातो. हा विमा ऐच्छिक नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे त्याशिवाय वाहन रस्त्यावर आणताच येत नाही, आणि कलम १४७ प्रमाणे प्रवासी वाहनातल्या प्रवाशाचा मृत्यू किंवा इजा त्यात धरावीच लागते. म्हणजे मागे बसलेल्या तिघांच्या डोक्यावर छत्र आहे. प्रश्न पुढच्याचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला एका बसच्या निमित्ताने हात घातला. हिमाचल प्रदेशातली ही बस बेचाळीस प्रवाशांची होती आणि आत नव्वदच्या आसपास माणसे होती. २००७ साली 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध अंजना श्याम' या निकालात न्यायालयाने म्हटले, की कंपनीने बेचाळीस माणसांचा हप्ता घेतला आहे, तेव्हा तिची जबाबदारीही बेचाळिसांपुरतीच. पण ते बेचाळीस कोण, हे कसे ठरवायचे? त्यावर तोडगा असा निघाला की मंजूर झालेल्या भरपायांपैकी सर्वांत मोठ्या बेचाळीस निवडाव्यात, त्यांची बेरीज कंपनीने भरावी, आणि ती रक्कम सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटावी. उरलेले पैसे मालकाकडून वसूल करायचे.

हा हिशोब रिक्षाला लावून पाहू. समजा चौघे जखमी झाले आणि प्रत्येकाला चार लाख मंजूर झाले. कंपनी भरणार तिघांचे, म्हणजे बारा लाख. ते चौघांत वाटले की प्रत्येकाच्या हाती तीन लाख येतात. चौथ्या सीटची किंमत अशी मागच्या तिघांनाही मोजावी लागते. "पुढे एक सीट" ऐकून मागच्या तिघांपैकी कोणी आजवर हरकत घेतल्याचे मी पाहिलेले नाही, आणि घेतली तर काय ऐकावे लागेल हे प्रत्येक बदलापूरकराला ठाऊक आहे.

पुढे २०११ च्या 'युनायटेड इंडिया विरुद्ध के. एम. पूनम' या निकालात न्यायालय थोडे सैल झाले. कंपनीने आधी सगळ्यांना पैसे द्यावेत आणि मर्यादेबाहेरची रक्कम मागाहून मालकाकडून वसूल करावी, असे ठरले. कोर्टाच्या आवारात याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात आणि मराठी बोलतानाही तेच म्हणतात. पण रिक्षात चालकाशेजारी बसलेल्याच्या बाबतीत कंपनीचे वकील एक पाऊल पुढे जातात. बसमध्ये जादा प्रवासी उभा तरी असतो. रिक्षात पुढे प्रवाशाला जागाच नाही, मग तो प्रवासी कसला, असा त्यांचा युक्तिवाद. यावर देशातल्या उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. कुठे कंपनी पूर्ण सुटली आहे, कुठे आधी भरून मग वसूल करायला सांगितले आहे, तर कुठे पुढे बसणे ही प्रवाशाचीच अंशतः चूक धरून भरपाई कापली आहे.

चौथ्या प्रवाशाला वाट उरते ती समोरच्या वाहनाची. काटई-बदलापूर रस्त्यावर खोणी, नेवाळी नाका ओलांडून अंबरनाथच्या एमआयडीसीपर्यंत रिक्षा, डंपर आणि टँकर एकमेकांना खेटून धावतात. रिक्षाची आणि टँकरची टक्कर झाली आणि चूक थोडी दोघांची निघाली, तर प्रवासी कोणाकडे मागणार? २०१५ च्या 'खेन्येई' निकालाने याचे उत्तर दिले आहे. ज्याची स्वतःची चूक नाही असा माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. टँकरवाला आणि रिक्षावाला यांनी आपापला वाटा नंतर आपसात भांडून घ्यावा. रिक्षाच्या विम्यात ज्याला जागा नाही, त्याला टँकरच्या विम्यात ती मिळते, कारण टँकरच्या दृष्टीने तो रस्त्यावरचा तिऱ्हाईत. म्हणून दाव्यात दोन्ही वाहनांचे मालक आणि दोन्हींच्या कंपन्या सामनेवाले करणे शहाणपणाचे. अनेक दावे इथेच अधू होतात. गुन्हा रिक्षावाल्यावर नोंदला म्हणून दावाही फक्त त्याच्यावरच टाकलेला असतो.

अपघातानंतरचे पहिले दोन दिवस कसे जातात ते पाहा. जखमीला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा जवळच्या एखाद्या खासगी दवाखान्यात नेतात. केसपेपर लिहिणारा विचारतो, कसे लागले? नातेवाइकाला पोलिसांची कटकट नको असते. रिक्षावाला ओळखीचा असतो, बाहेर उभा राहून गयावया करत असतो, औषधाचे पैसे देतो म्हणत असतो. मग केसपेपरवर येते: 'घसरून पडल्यामुळे'. तीन आठवड्यांनी पायात सळी टाकावी लागते, बिल लाखांत जाते, रिक्षावाला फोन उचलेनासा होतो, आणि तेव्हा क्लेमची आठवण होते. दाव्याच्या सुनावणीत कंपनीचा वकील तो पहिला केसपेपर वर काढतो. नंतर दिलेली फिर्याद, नंतरचा पंचनामा, नंतर मिळवलेले साक्षीदार या सगळ्यांपेक्षा त्या दोन शब्दांचे वजन जास्त भरते. ते घाईत, पण अपघाताच्या दिवशी लिहिलेले असतात.

आपसात मिटवण्याचीही एक इथली रीत आहे. स्टँडवरचे दोन जाणते मध्ये पडतात, पाच-दहा हजार ठरतात, साध्या कागदावर 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' लिहून घेतात. रिक्षावाला दुष्ट असतो असे मुळीच नाही. गुन्हा नोंदला तर गाडी ठाण्यात अडकेल आणि रोजचा धंदा बुडेल, ही त्याची भीती खरी आहे. पण विमा त्याने याच दिवसासाठी भरलेला असतो, आणि भरपाई त्याच्या खिशातून नव्हे तर कंपनीच्या तिजोरीतून जायची असते, हे त्या घोळक्यात कोणी बोलत नाही. मला हे फार चमत्कारिक वाटते. दर वर्षी पासिंगसाठी म्हणून विम्याचा कागद काढायचा आणि अपघात झाला की तो लपवायचा!

खरे तर कायद्याने हे काम पोलिसांच्या अंगावर टाकलेले आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची असते. जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा छापील 'नमुना दोन' दहा दिवसांत द्यायचा असतो. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. त्यानंतर तीस दिवसांत कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने किती रक्कम देणार हे सांगायचे. ही पद्धत दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका जुन्या खटल्यातून घडत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'गोहर मोहम्मद' निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर राबवायला सांगितली. कागदावर पाहिले तर दावेदाराने वकील न शोधताही गाडी पुढे सरकावी अशी ही रचना आहे. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, हिललाइन, अंबरनाथ, बदलापूर, ही सगळी ठाणी ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या परिमंडळ चारमध्ये येतात. तिथे जाणाऱ्या माणसाने 'नमुना दोन द्या' एवढे तीन शब्द पाठ करून जावेत. मागितल्यावर मिळणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

उपचाराचा पहिला धक्का सोसण्यासाठी मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि ते कोणत्याही वाहनाच्या अपघातासाठी. ठोकर मारून वाहन पळून गेले तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार अशी वेगळी तरतूद आहे. वाहन सापडले पण चूक कोणाची या वादात पडायचे नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. मात्र तो मार्ग धरला की कलम १६६ चा, चूक सिद्ध करून मागायचा मोठा दावा सोडावा लागतो. घाईत पाच लाखांवर सही करणाऱ्या कुटुंबाने आधी पुढचा हिशोब पाहावा.

हिशोब प्राधिकरणाच्या मनावर नाही, ठरलेल्या सूत्रावर चालतो. २००९ च्या 'सरला वर्मा' आणि २०१७ च्या 'प्रणय सेठी' या दोन निकालांनी ते सूत्र बसवले. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा एक कारागीर घेऊ, वय ३४, घरात बायको, दोन मुले आणि आई. हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याच्यासारखे हजारो त्या गल्ल्यांत आहेत. तो नगावर काम करतो, महिन्याला पंधरा हजार मिळवतो. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे कमाई वाढली असती असे धरून ४० टक्के जोडायचे. झाले २१,०००. घरात चार अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा करायचा. उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३१ ते ३५ असेल तर १६ ने गुणायचे. झाले ३० लाख २४ हजार. वर सहवास गमावल्याबद्दल चौघांना वेगवेगळी रक्कम, अंत्यविधीचा खर्च आणि संपदेचे नुकसान हे सगळे मिळून आणखी सव्वादोन लाखांच्या घरात. दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज निराळे.

आता त्याचे उत्पन्न पंधरा हजार होते हे सिद्ध झाले नाही असे धरा. कारखानदार 'तो माझ्याकडे नव्हताच' म्हणाला, कारण त्याच्याकडे कामगारांची नोंद नाही. नगावरचे पैसे रोखीत मिळत. प्राधिकरणाने अंदाजाने दहा हजार धरले. तेच सूत्र लावले तर आकडा येतो २० लाख १६ हजार. महिन्याच्या पाच हजारांच्या पुराव्याने दहा लाख आठ हजारांचा फरक पाडला. गजानन मार्केटमधला कापड दुकानातला माणूस, फर्निचर बाजारातला पॉलिशवाला, अंबरनाथच्या कारखान्यातला ठेकेदाराचा कामगार, बदलापुरात घरोघरी डबे पोचवणारी बाई, या सगळ्यांची कमाई बाजाराला ठाऊक असते आणि कागदाला नसते. यूपीआयने घेतलेले पैसे, बँकेत थोडी थोडी भरलेली रोख, भिशीची वही, मुलांच्या शाळेची फी, खोलीच्या भाड्याचा करार: दावा उभा राहतो तो अशा बारीक तुकड्यांवर. आणि घर सांभाळणारी बाई गेली तर? तिच्या कामाला मोल नाही असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. जानेवारी २०२१ च्या 'कीर्ती' निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरणे आणि त्यावर भविष्यातली वाढ देणे हे दोन्ही मान्य केले.

जखमी माणसाचा दावा मृताच्या दाव्यापेक्षा चिवट असतो. डॉक्टरांचा दाखला सांगतो, पायाला ३० टक्के अपंगत्व. पण जीन्सच्या मशीनवर पाय मारणाऱ्याला ते ३० टक्के कितीला पडतात? २०१० च्या 'राजकुमार' निकालाने हा फरक नीट केला. पाहायचे ते अवयवाचे नुकसान नव्हे, त्या माणसाच्या कमाईच्या ताकदीचे. एकच मोडलेला गुडघा कारकुनाला थोडे अडवतो आणि रिक्षावाल्याला घरी बसवतो. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलावणे आणि त्याच्याकडून 'हा माणूस हे काम करू शकत नाही' हे नोंदवून घेणे, ही दाव्यातली सर्वांत मोलाची दुपार असते. दुर्दैवाने तीच सर्वांत जास्त पुढे ढकलली जाते.

एक शंका घरोघर असते. एलआयसीचे पैसे मिळाले तर क्लेम कापतील का? नाही. हा प्रश्न महाराष्ट्रातूनच, एसटी महामंडळाविरुद्धच्या 'हेलन रिबेलो' प्रकरणातून, सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १९९८ साली निकाल लागला की आयुर्विमा हा माणसाने स्वतः हप्ते भरून केलेला करार आहे, तो अपघात करणाऱ्याच्या फायद्याला येऊ शकत नाही. मेडिक्लेमबद्दल मात्र बरीच वर्षे घोळ होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तोही मिटवला: मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही.

आता मोबाइलवरच्या गाडीकडे. ही गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना असलेली असेल, तर प्रवाशाची स्थिती शेअर रिक्षातल्या मागच्या तिघांपेक्षाही बरी. नाव, वेळ, मार्ग, चालक, गाडीचा क्रमांक, सगळे नोंदलेले असते. 'मी त्या गाडीत होतो' हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावा लागत नाही. २०१८ मध्ये ओलाने एका रुपयात पाच लाखांपर्यंतचा ट्रिपचा विमा आणला, पुढच्या वर्षी उबरनेही प्रवाशांसाठी अपघात विमा सुरू केला. हे पैसे प्राधिकरणातल्या दाव्यापेक्षा वेगळे असतात आणि त्यांची मुदत आणि अटीही वेगळ्या. प्रवासी ही गल्लत नेहमी करतो: अ‍ॅपच्या कंपनीला ईमेल केला, म्हणजे क्लेम टाकला असे समजून बसतो.

चालकाकडे 'बॅज' नाही, म्हणजे व्यवसायाचे वाहन चालवण्याची नोंद परवान्यावर नाही, हे विमा कंपन्यांचे वर्षानुवर्षांचे आवडते कारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'रंभा देवी' निकालात ते मोडीत काढले. हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही चालवू शकतो. रिक्षा आणि टॅक्सी दोन्ही त्यात आल्या.

पांढऱ्या पाटीचे वाहन हा खरा खड्डा आहे. रात्रीची शेवटची कर्जत निघून गेली, कल्याणला उतरलो, रिक्षावाला अंबरनाथचे तोंडाला येईल ते भाडे सांगतो, आणि मोबाइलवर एक मुलगा स्वतःच्या मोटारसायकलवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात न्यायला तयार असतो. त्याच्या दुचाकीचा विमा बहुधा नुसता थर्ड पार्टी असतो, कारण तो स्वस्त आणि चौकीवर दाखवायला पुरेसा. अशा पॉलिसीत मागे बसलेला माणूस धरलेलाच नसतो. २००६ च्या 'तिलक सिंग' निकालापासून हे पक्के आहे. पॅकेज पॉलिसी, बोलीभाषेतली फर्स्ट पार्टी, असेल तर मागे बसलेला आत येतो, पण मग दुसरे कलम आडवे येते: खासगी वाहन भाड्याने वापरले. परवान्याशिवाय भाड्याने वापर हा कायद्यानेच कंपनीला दिलेला बचाव आहे.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाइक टॅक्सी चालवणाऱ्या रॅपिडोला राज्यातली सेवा थांबवायला सांगितले. त्याच महिन्यात राज्याने खासगी वाहने अशा कामाला वापरण्यावर बंदीची अधिसूचना काढली, आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला दिलासा दिला नाही. नंतर २०२५ मध्ये राज्याने फक्त विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सीला नियमात बसवले, तर केंद्राच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी राज्यांच्या मर्जीने खासगी दुचाकींनाही दार उघडे ठेवले. पाटीचा रंग बदलत राहिला. मागे बसणाऱ्याला मात्र एकच गोष्ट कळायला हवी होती, आपण या गाडीच्या विम्यात आहोत की नाही, आणि ती गाडी मागवताना पडद्यावर कुठेच दिसत नाही. भाडे, रेटिंग, चालकाचा फोटो दिसतो. पॉलिसीची एक ओळ दाखवायला काय हरकत आहे?

अमेरिकेलाही हा खड्डा एका मुलीचा जीव गेल्यावर दिसला. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत उबरच्या चालकाने रस्ता ओलांडणाऱ्या कुटुंबाला धडक दिली आणि सहा वर्षांची मुलगी गेली. चालकाचे अ‍ॅप सुरू होते, गाडीत प्रवासी नव्हता. कंपनी म्हणाली, ट्रिप चालू नव्हती. आणि खासगी वाहनाचा विमा धंद्याच्या वापराला लागू होत नाही. दोन्हींच्या मधली ती वेळ कोणाचीच नव्हती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि चालकाच्या वेळेचे तीन टप्पे पाडले: अ‍ॅप सुरू पण भाडे नाही, भाडे स्वीकारले, प्रवासी बसला. प्रत्येक टप्प्याला किमान विमा किती, हे ठरवून दिले. आपल्याकडे रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला असा प्रश्न कमी पडतो, कारण वाहनाची थर्ड पार्टी पॉलिसी अ‍ॅप पाहत नाही. आपला प्रश्न गाडीच्या आतल्या माणसाचा आहे.

आणि चालकाचा. कल्याण आरटीओच्या एमएच-०५ क्रमांकाच्या कितीतरी रिक्षा मालक स्वतः चालवत नाहीत. गाडी शिफ्टवर देतात, चालक दिवसाचे ठरलेले पैसे मालकाला देतो आणि वरचे स्वतः ठेवतो. पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा 'मालक-चालका'चा असतो. शिफ्टवाला मालक नाही, म्हणून त्याला तो मिळत नाही. पगारी चालक म्हणावे तर कंपनी म्हणते, पगार कुठे आहे, तोच मालकाला पैसे देतो. चूक त्याचीच निघाली, तर कलम १६६ चा दावाही त्याच्यासाठी बंद. अ‍ॅपवरच्या चालकासाठी केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा सांगितला होता. शिफ्टच्या रिक्षावाल्यासाठी तेवढेही कोणी लिहिलेले नाही. चौघांना घेऊन जाणाऱ्या त्या रिक्षात सर्वांत उघडा माणूस कोण असेल, तर तो हँडलवरचा.

दावा दाखल करायला अपघात जिथे झाला तिथेच जावे लागते असे नाही. दावेदार राहतो त्या ठिकाणच्या प्राधिकरणातही तो करता येतो. पुण्याजवळ द्रुतगती मार्गावर भाड्याच्या गाडीला अपघात झाला तरी बदलापूरचे कुटुंब आपल्या ठाणे जिल्ह्यात दावा लावू शकते. मुदत सहा महिन्यांची, २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आणलेली. त्या मुदतीलाच आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की त्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिरा आला म्हणून दावा फेटाळू नये. त्या भरवशावर कोणी बसू नये. रुग्णालयाच्या आवारात 'साहेब, टक्केवारीवर करू, आधी काही नको' म्हणणारा माणूस भेटेलच. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तरी तो धंदा चालतो, कारण आधी काही देण्याची ऐपत दावेदाराकडे नसते.

लोकअदालतीत पुष्कळ दावे तडजोडीने मिटतात. तिथे कंपनीचा माणूस एक आकडा सांगतो, वकील कुटुंबाकडे पाहतो, आणि कुटुंब वकिलाकडे. वर मांडलेले सूत्र घरच्या कोणाला तरी करता येत असेल, तर त्या क्षणी ते फार उपयोगी पडते. सहा वर्षे वाट पाहून मिळणाऱ्या तीस लाखांपेक्षा आजचे बावीस लाख एखाद्या घराला बरे असू शकतात, तो निर्णय त्यांचा. पण समोरच्याने चौदा सांगितल्यावर ते मूळ तीसच होते हे माहीत असलेले बरे.

पैसे मंजूर झाल्यावरही ते हाती येतातच असे नाही. अज्ञान मुलांचा हिस्सा प्राधिकरण सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवते, त्यात वर्षे जातात. या पट्ट्यातली पुष्कळ कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी. कॅम्प चारमधून अंबरनाथला, भाडे परवडेना म्हणून तिथून वांगणीला, शेलूला. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि 'घर सोडून गेले' असा शेरा घेऊन परत येते. देशभरातल्या प्राधिकरणांत अशी कोणी न्यायला न आलेली भरपाई पडून आहे, हे गुजरातच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाला ईमेलने कळवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यावर आदेश निघाले. दावा लावतानाच प्रत्येक दावेदाराचे आधार आणि पॅन क्रमांक घ्यावेत, जुन्या दावेदारांचा शोध घ्यावा, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची माणसे आणि लागेल तिथे पोलिस पाठवावेत. तेव्हा बदलापुरात वर्षांपूर्वी असा खटला लढलेले आणि नंतर घर बदललेले कोणी ओळखीचे असेल, तर त्याला ठाण्याला एकदा चौकशी करायला सांगायला हरकत नाही. खटल्याचा क्रमांक हरवला असला तर अपघाताची तारीख आणि रिक्षाचा नंबर घेऊन जावे.